ऊब कोठे अडते?

थंड देशात घराची ऊब ही चैनीची बाब नव्हे. अन्नपाण्याच्याच पंक्तीला ती बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातील तापमान निदान १८ अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे. वृद्ध माणसे, लहान मुले आणि हृदयाच्या वा श्वसनाच्या जुन्या विकाराने पीडित असलेले रुग्ण यांना त्याहूनही अधिक उबेची गरज पडू शकते, अशी पुस्तीही तेथे जोडलेली आहे.

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांना ही ऊब गॅसवर चालणाऱ्या बॉयलरपासून मिळते. त्या देशाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. लंडनमध्ये १९३२ सालापासून महाराष्ट्र मंडळ नांदत आहे. आज तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत, शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी आहेत, आणि नातवंडांच्या ओढीने ऐन हिवाळ्यात जाऊन राहणारे आजी-आजोबाही आहेत. आपल्यापैकी कोणाच्या तरी घरातले कोणी ना कोणी तेथे असेलच. एखाद्या जानेवारीच्या रात्री बॉयलर चालू आहे, रेडिएटर मात्र कोमट आहेत आणि खोली काही केल्या तापत नाही, असा प्रसंग त्यांच्यावर येतोच येतो. अशा वेळी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कोठे हात आखडावा, याचे दिग्दर्शन करण्याचा हा प्रयत्न आहे.

थर्मोस्टॅट करतो काय?

खोली तापत नाही असे दिसताच प्रत्येकाचा हात प्रथम भिंतीवरील थर्मोस्टॅटकडे जातो. काटा २० वर असेल तर तो ३० वर नेला जातो. साध्या थर्मोस्टॅटच्या बाबतीत या उपायाचा काहीही उपयोग होत नसतो. तो का होत नाही, हे थर्मोस्टॅटच्या जन्मकथेवरून सहज ध्यानात येईल.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर या गावी वॉरन जॉन्सन नावाचे एक अध्यापक होते. त्यांच्या विद्यालयात भट्टी तळघरात होती. वर्ग फार तापला की फार गारठला हे पाहण्यासाठी तेथील सेवकाला वारंवार वर्गात यावे लागे आणि शिकवण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी यावर एक विद्युत्-यंत्र शोधून काढले आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळवले. वर्गातील तापमान ठराविक मर्यादेबाहेर गेले की तळघरात घंटा वाजे, आणि मग सेवक भट्टीची व्यवस्था पाही.

आजचा थर्मोस्टॅट कितीही नाजूक व चकचकीत दिसला, तरी मुळात तो ही घंटाच आहे. त्यात उष्णता नाही. “खोली गार आहे, विस्तव पेटव” आणि “खोली तापली, आता थांब” एवढे दोनच हुकूम त्याला ठाऊक असतात. घंटा अधिक जोराने वाजवल्याने भट्टीतील जाळ वाढत नाही; तद्वत काटा ३० वर नेल्याने खोली लवकर तापत नाही. बॉयलर फक्त उशिरापर्यंत जळत राहतो, आणि बिल वाढते.

उष्णतेच्या चार पायऱ्या

आपल्या घरोघरी पूर्वी असलेला तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना. गॅसचा बॉयलर हा त्याचाच दूरचा वंशज होय. फरक इतकाच की येथे गरम झालेले पाणी बादलीत पडत नाही. एक छोटा विद्युत्-पंप ते नळ्यांतून घरभर फिरवतो. प्रत्येक खोलीच्या भिंतीलगत पोलादी पत्र्याची एक पोकळ पेटी असते, तिलाच रेडिएटर म्हणतात. तिच्यातून जाताना पाणी आपली उष्णता खोलीला देते आणि निवून पुन्हा बॉयलरकडे परतते.

तेव्हा उबेचा प्रवास चार पायऱ्यांचा झाला: थर्मोस्टॅटचा हुकूम, बॉयलरमधील अग्नी, नळ्यांतील पाणी, आणि शेवटी खोली. ऊब येत नाही याचा अर्थ या चारांपैकी एका पायरीवर ती अडलेली आहे. ती कोणती, हे शोधणे म्हणजे निम्मे काम झाले. वाटेल तेथे हात घालण्याऐवजी वाचकांनी हा क्रम पाळावा.

पहिली पायरी: हुकूम पोहोचतो का?

थर्मोस्टॅटचा काटा खोलीच्या तापमानाच्या दोन-तीन अंश वर न्यावा. जुन्या प्रकारात “टक्” असा बारीक आवाज येतो. नव्या प्रकारात पडद्यावर ज्योतीची खूण उमटते. त्यानंतर दोन-चार मिनिटांत बॉयलर पेटल्याचा आवाज आला पाहिजे. तो आला, तर हुकूम पोहोचतो आहे असे समजून पुढच्या पायरीकडे वळावे.

आवाज आला नाही, तर प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात. बिनतारी थर्मोस्टॅटमधील बॅटरी उतरली आहे काय? वेळा ठरवून देणारे घड्याळ बरोबर आहे काय? ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात. बॉयलरचे घड्याळ बदलायचे राहून गेले, तर घर पहाटे ज्या वेळी तापायला हवे त्या वेळी गारच राहते, आणि दोष मात्र बॉयलरला दिला जातो.

यानंतर थर्मोस्टॅटची जागा पाहावी. जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, आतल्या भिंतीवर, ऊन व वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा ठिकाणी तो असावा. तो रेडिएटरच्या वर, स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा दिव्याजवळ असेल, तर तेथील उबेने त्याची फसगत होते. घर तापले असे समजून तो बॉयलर बंद करतो आणि पलीकडच्या खोलीतील बाळ मात्र कुडकुडत राहते. उलटपक्षी तो मुख्य दाराजवळच्या गार बोळात असेल, तर सगळे घर उकडू लागले तरी तो थांबायचा हुकूम देत नाही.

दुसरी पायरी: अग्नी पेटतो का?

हुकूम पोहोचूनही बॉयलर पेटत नसेल, तर गॅसचा पुरवठा चालू आहे ना, हे शेगडी पेटवून पाहावे. आगाऊ पैसे भरण्याचा मीटर असेल, तर त्यातील शिल्लक पाहावी. मग बॉयलरवरील दाबमापकाकडे दृष्टी टाकावी. यंत्रणा गार असताना त्याचा काटा साधारणपणे १ ते १.५ बार यांच्या दरम्यान असतो. पाणी तापल्यावर तो थोडा वर चढतो. दाब फारच उतरला, तर पुष्कळसे बॉयलर सुरक्षिततेसाठी आपण होऊन बंद पडतात. (माळ्यावर पाण्याची छोटी टाकी असलेल्या जुन्या घरांत असे दाबमापक नसते, तेथे टाकीतील पाणी आटले नाही ना, हे पाहावे.)

दाब वाढवण्यासाठी बॉयलरच्या खाली बहुधा वेणीदार आवरणाची एक नळी असते. बॉयलरसोबतची पुस्तिका वाचून, यंत्रणा गार असताना, तिच्या झडपा अगदी हळू उघडाव्यात. काटा योग्य जागी येताच त्या घट्ट बंद कराव्यात. ३ बारच्या सुमारास सुरक्षा-झडप उघडून पाणी बाहेर टाकते. तितका दाब होऊ देऊ नये. वर्षातून एक-दोनदा पाणी भरावे लागले तर चिंतेचे कारण नाही. आठवड्याला भरावे लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे किंवा पाण्याच्या प्रसरणासाठी ठेवलेले पात्र निकामी झाले आहे असे समजावे, आणि तंत्रज्ञास बोलवावे.

कडाक्याची थंडी पडल्यावर आणखी एक अडचण उद्भवते. हल्लीचे बॉयलर धुरातील वाफेचे पाणी करून तिची उष्णताही वापरून घेतात. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ सालापासून नवे गॅस बॉयलर सामान्यतः याच जातीचे बसवावे लागतात. या पाण्याचा निचरा प्लॅस्टिकच्या एका बारीक नळीतून होतो. ती नळी घराबाहेरून नेलेली असली, तर आतील पाणी गोठते, बॉयलर गुडगुड आवाज करतो आणि थांबतो. ही नळी जमिनीवर उभे राहून हाताला येत असेल, तर तिच्यावर कोमट पाणी ओतावे. उकळते पाणी ओतू नये, नळी तडकण्याचा संभव असतो. बर्फ वितळल्यावर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॉयलर पुन्हा सुरू करावा. शिडी लावून, बर्फावर पाय ठेवून हा उद्योग मुळीच करू नये.

तिसरी पायरी: पाणी फिरते का?

बॉयलर पेटतो, तरी रेडिएटर नीट तापत नाहीत, ही तक्रार सर्वांत अधिक आढळते. येथे आपला तळहात हेच उत्तम उपकरण होय. मात्र चांगला तापलेला रेडिएटर चटका देतो, तेव्हा बेताने स्पर्श करावा.

रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल, तर आत हवा अडकली आहे. यंत्रणा बंद करून ती निवू द्यावी. वरच्या कोपऱ्यातील छोट्या झडपेला तिची खास किल्ली लावून पाव ते अर्धा फेरा फिरवावा आणि खाली फडके धरावे. “स्स” असा आवाज करीत हवा निघून जाते. पाणी दिसू लागताच झडप बंद करावी. तळमजल्यापासून आरंभ करून वर जावे, आणि शेवटी दाबमापक पुन्हा पाहण्यास विसरू नये, कारण हवा गेल्यावर दाब उतरतो.

रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार असेल, तर तळाशी गाळ बसलेला आहे. पोलाद व पाणी यांच्या दीर्घ सहवासाने तयार झालेला हा लोहाचा काळा गाळ काढण्यासाठी सगळी यंत्रणा धुवावी लागते, आणि ते जाणकाराचे काम आहे.

एकच रेडिएटर संपूर्ण गार आणि बाकीचे गरम, असे असेल तर त्याच्या बाजूची आकडे लिहिलेली झडप पाहावी. उन्हाळाभर मिटून राहिल्याने तिच्यातील बारीक खिळी अडकून बसते. झडपेची टोपी काढली की ती खिळी दिसते. बोटाच्या टोकाशी काही कठीण वस्तू धरून ती हलकेच दाबावी. ती आत जाऊन आपोआप वर आली पाहिजे. पकडीने ती ओढू नये. ओढल्यास ती निघून येईल आणि पाण्याचा फवारा उडेल.

बॉयलरजवळचे रेडिएटर कढत आणि दूरचे कोमट, असे असेल तर पाणी सोपी वाट धरते आहे. जवळच्या रेडिएटरांच्या दुसऱ्या टोकाची झडप थोडी थोडी आवळली, म्हणजे दूरच्यांना त्यांचा वाटा मिळतो. या कामाला एखादा सबंध दिवस व पुष्कळ धीर लागतो.

नळाला गरम पाणी येते पण एकही रेडिएटर तापत नाही, किंवा बॉयलर पेटून लगेच विझतो, अशी लक्षणे असतील तर पंप अथवा पाण्याची दिशा बदलणारी झडप बिघडलेली असण्याचा संभव मोठा. तेथे गृहस्थाचे काम संपते.

याच पायरीवर एक प्रश्न पाण्याच्या उष्णतेचा. बॉयलरवर बहुधा दोन बटणे असतात, एक नळाच्या पाण्याचे व दुसरे रेडिएटरच्या पाण्याचे. दुसरे कोणी नकळत अगदी खाली आणून ठेवले असेल, तर रेडिएटर कोमटच राहणार. पण ते सर्वांत वर नेणेही शहाणपणाचे नाही. परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असेल तरच वर सांगितलेली वाफेची उष्णता बॉयलरच्या हाती लागते. म्हणून जेथे गरम पाण्याची वेगळी टाकी नाही अशा घरांत ६० अंशांपासून आरंभ करावा आणि तेवढ्याने भागत नसेल तरच वाढवावे. वेगळी टाकी असल्यास तिच्यातील पाणी ६० अंशांपर्यंत तापलेच पाहिजे, नाहीतर लिजिओनेला नावाचे रोगजंतू तेथे वाढू शकतात. अशा घरांत बटण त्याहून थोडे वर ठेवावे लागते.

चौथी पायरी: खोली ऊब घेते का?

हुकूम ठीक, अग्नी ठीक, पाणीही ठीक, तरी खोली गार, असे झाले तर आपल्या मांडणीकडे पाहावे. रेडिएटरवर लांब पडदा सोडलेला असतो, त्याच्यापुढे सोफा सरकवलेला असतो, आणि पावसाळी हवेमुळे त्याच्यावर ओले कपडे वाळत घातलेले असतात. अशाने उष्णता पडद्यामागच्या खिडकीलाच मिळते. शिवाय तेथील झडपेला वाटते की सगळी खोली तापली, आणि ती मिटून बसते.

एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे, तेथील रेडिएटरची झडप पूर्ण उघडी ठेवावी. ती थर्मोस्टॅटच्या आधीच मिटली, तर ती खोली ठरलेल्या तापमानाला कधीच पोहोचत नाही, आणि बॉयलर विनाकारण जळत राहतो. एका घरात दोन कारभारी असले म्हणजे जे होते, तेच येथे होते.

हात कोठे आखडावा?

आतापर्यंत सांगितलेले सारे पाण्याच्या व हवेच्या बाजूचे आहे. बॉयलरचे बंदिस्त आवरण उघडून गॅसच्या बाजूला मात्र कोणीही हात लावू नये. ब्रिटनमध्ये हे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’ या नोंदवहीत नाव असलेल्या तंत्रज्ञानेच करावे असा कायदा आहे. २००९ सालच्या १ एप्रिलपासून ही नोंदवही तेथे लागू आहे. तंत्रज्ञाजवळ ओळखपत्र असते. ते मागून पाहण्यात संकोच बाळगू नये. अमुक ओळखीचा आहे, स्वस्तात करून देतो, एवढ्यावरून कोणाच्या हाती बॉयलर देऊ नये.

यामागील कारण गंभीर आहे. गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, भोवळ, मळमळ, थकवा अशी त्याची लक्षणे असल्यामुळे सर्दी-तापाचा भास होतो. घरातील सर्वांनाच एकदम असे होऊ लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर ती धोक्याची सूचना समजावी. शेगडीवर निळ्याऐवजी पिवळी, लवलवती ज्योत किंवा बॉयलरभोवती काजळीचे डाग दिसले, तरीही तसेच समजावे. उपकरण बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. त्रास होत असेल, तर वैद्यकीय मदत तात्काळ घ्यावी. खोली गार आहे म्हणून बॉयलरची हवा येण्याची जाळी बोळ्यांनी बुजवणे हे स्वतःच्या हाताने संकट ओढवून घेणे आहे.

हा धोका परदेशापुरता नाही. आपल्याकडील न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझरही हाच वायू निर्माण करू शकतो, आणि बंद न्हाणीघरात त्याने माणसे दगावलेली आहेत. असा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा, आणि त्याची नियमित तपासणी व्हावी.

भाड्याच्या घरात

भाड्याने राहणारे विद्यार्थी “मालकाला कसे सांगावे?” म्हणून महिनोन्महिने गारठ्यात काढतात. त्यांनी आपले हक्क जाणून घ्यावेत. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्यान्वये खोली तापवण्याची व पाणी गरम करण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवणे ही अल्प मुदतीच्या भाडेकरारात मालकाची जबाबदारी असते. गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून तिची नोंद भाडेकरूस देणे १९९८ च्या नियमांनी बंधनकारक केलेले आहे. इंग्लंडमध्ये ज्या खोलीत बॉयलर असेल तेथे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा मालकाने बसवावी, असा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तक्रार तारीख घालून लेखी द्यावी. “हीटिंग बिघडले” एवढेच न लिहिता, “थर्मोस्टॅटचा हुकूम पोहोचतो, बॉयलर पेटतो, दाब १.२ बार आहे, नळाला गरम पाणी येते, पण एकही रेडिएटर तापत नाही” असे लिहिले, तर येणारा तंत्रज्ञ योग्य भाग घेऊनच येईल, आणि दुरुस्ती पहिल्याच फेरीत होण्याचा संभव वाढेल.

हे सारे पाहण्याची खरी वेळ जानेवारीची रात्र नव्हे. सप्टेंबर महिन्यात, हवा अजून सौम्य असताना, एका सकाळी यंत्रणा अर्धा तास चालवावी. थर्मोस्टॅटचा “टक्” ऐकावा, दाबमापक पाहावा, प्रत्येक रेडिएटरवरून हात फिरवावा, अडकलेल्या खिळ्या मोकळ्या कराव्यात आणि वार्षिक तपासणीचा दिवस ठरवून टाकावा. तेव्हा तंत्रज्ञ मोकळे असतात. पहिले बर्फ पडल्यावर त्यांच्या दारी रांग लागते. परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांना या महिन्याचे पत्र लिहाल वा दूरध्वनी कराल, तेव्हा “जेवलास का?” याबरोबरच “बॉयलर तपासून घेतलास का?” हेही अवश्य विचारावे.